घडणारे आणि घडलेले

प्रयोगकलांचे द्रव्य म्हणजे माणसाचा देह आणि त्या देहाला मिळालेला वेळ. शिल्प घडवणारा गेला तरी शिल्प राहते. नर्तकाचे पाय थांबले की नाच संपतो. भरताने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असा चार प्रकारचा अभिनय सांगितला, पण तो नटापाशी थांबला नाही. नाट्यशास्त्रातील सिद्धीच्या विवेचनात प्रेक्षकांचे हसू, उद्गार, अंगावर आलेले रोमांच हीदेखील प्रयोगाच्या यशाची लक्षणे ठरतात. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्स मोअर’ देणाऱ्या थिएटरने गायक नटाकडून पदे पुन्हा म्हणवून घेतली आणि रात्री लांबवल्या. पाहणारा हा नाटकाचा केवळ गिऱ्हाईक नसतो, घडवणाऱ्यांपैकी एक असतो.

मग चित्रपटाचे काय? त्यातही नट आहे, वेळ आहे, अंधारात बसलेले लोक आहेत. पण पडद्यावरच्या नटाला त्यांचे हसू ऐकू येत नाही.

या प्रश्नाचा एक जुना पुरावा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या फ्रीमाँटमध्ये आहे. 1956मध्ये पाच गावे एकत्र येऊन हे शहर झाले; नाइल्स त्यांतले एक. एसने या शिकागोच्या चित्रपट कंपनीने 1912मध्ये आपले ठाणे तिथे मांडले आणि 1916च्या सुरुवातीस उठवले. ‘ब्राँको बिली’ या नावाने गाजलेल्या गिल्बर्ट अँडरसनचे काउबॉयपट आजूबाजूच्या टेकड्यांत तयार होत. 1915च्या पहिल्या महिन्यांत चार्ली चॅप्लिन तिथे आला. तो मूळचा रंगमंचाचा माणूस, फ्रेड कार्नोच्या फिरत्या विनोदी मंडळीत तयार झालेला. समोरच्या हशावर टायमिंग बेतण्याची त्याची सवय कॅमेऱ्यापुढे निरुपयोगी होती. त्या जागी त्याला दुसरे काही मिळाले: तोच प्रसंग पुनःपुन्हा करून त्यातला एक ठेवण्याची मुभा. ‘द ट्रॅम्प’च्या शेवटी तो धुळीच्या रस्त्याने पाठमोरा चालत जातो, खांदे उडवतो आणि पावले उचलतो. नाइल्स कॅनियनमध्ये घेतलेला हा शॉट रंगमंचावर जमलाच नसता. त्यातला अभिनय जितका चॅप्लिनचा आहे, तितकाच रस्त्याच्या लांबीचा आणि कॅमेऱ्याच्या जागेचाही आहे.

त्याच सुमारास मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ 18 मे 1912 रोजी कॉरोनेशन चित्रगृहात लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथेच प्रदर्शित झाला तो 3 मे 1913 रोजी. तरीही पहिलेपणाचा मान बहुधा फाळक्यांकडे जातो. ‘पुंडलिक’ हे मुळात नाटकाचे चित्रण होते, हे त्याचे एक प्रमुख कारण. छायाचित्रकार परदेशी होता, हा दुसरा आक्षेप. तोरण्यांवर यात थोडा अन्याय होतो खरा, पण निवाड्यामागची समज योग्य आहे. नाटकापुढे कॅमेरा ठेवल्याने चित्रपट होत नाही. जागा बदलणारी नजर, तुकड्यांत घेतलेला काळ आणि संकलकाची कात्री यांनी तो होतो. पुढे रशियात लेव कुलेशोव यांनी दाखवले की एकाच निर्विकार चेहऱ्याला शेजारच्या शॉटप्रमाणे भूक, शोक असे वेगवेगळे अर्थ चिकटतात. रंगमंचावरच्या नटाला असे कोणी जोडून देत नाही. आपला पुढचा क्षण त्याला स्वतःच आणावा लागतो.

संगीत नाटकांतल्या स्त्रीभूमिकांसाठी गाजलेल्या बालगंधर्वांची गोष्ट याच सीमेवरची आहे. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (1935) त्यांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. ज्या गळ्यासाठी लोक रात्र रात्र जागत, तो चित्रपटातही होता. नव्हते ते समोरून दाद देणारे थिएटर. ते पुन्हा नाटकाकडेच वळले.

तेव्हा रेघ रंगमंच आणि पडदा यांच्यामध्ये ओढण्यापेक्षा, प्रेक्षक येईपर्यंत पूर्ण झालेली कृती आणि त्याच्यासमोर पूर्ण होणारी कृती यांच्यामध्ये ओढणे बरे. चित्रीकरणाच्या वेळी चित्रपट प्रयोगकलाच असतो; प्रिंट निघाली की तो ग्रंथासारखा स्थिर होतो. मूकपट मात्र या रेघेवर पाय फाकून उभा आहे. नाइल्समधल्या 1913च्या एडिसन थिएटरमध्ये आता मूकपटांचे संग्रहालय आहे आणि तिथे जुने मूकपट जिवंत संगीताच्या साथीने दाखवतात. फिल्म ठरलेली, वादकाचा हात मात्र त्या रात्रीचा, हशा लांबला तर थांबणारा. आपल्याकडेही मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पेटी-तबला वाजत असे.

बे एरियातल्या मराठी हौशी रंगकर्मींना हा फरक हिशेबाने कळतो. महाराष्ट्रात व्यावसायिक नाटकाचे शेकडो प्रयोग होतात आणि नट रोजच्या प्रेक्षकांकडून विनोदाची जागा शिकत जातो. इथे नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवारी महिनोन्‌महिने तालमी होतात, नेपथ्य कोणाच्या तरी गॅरेजमध्ये रंगते आणि दोन-तीन प्रयोगांत नाटक उतरते. प्रेक्षकांकडून शिकायला वेळच उरत नाही; दुसऱ्या प्रयोगात सापडलेली जागा तिसऱ्यात वापरायची, एवढेच. मागे राहतो तो मागच्या रांगेतून घेतलेला व्हिडिओ. तो नाटक नव्हे आणि चित्रपटही नव्हे. पुढच्या वर्षीच्या नटांना कोण कुठून आत येतो हे दाखवण्यापुरता तो उपयोगी पडतो.