कारागिरांची पेठ, भागधारकांचा हिशेब

अमेरिकेतील ‘एट्सी’ या संकेतस्थळाच्या नियमानुसार वीस वर्षांपूर्वीची कोणतीही वस्तू ‘व्हिन्टेज’ म्हणून विकता येते. हे संकेतस्थळ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जून २००५ मध्ये सुरू झाले. म्हणजे ज्या वर्षी ही पेठ उघडली त्या वर्षी तयार झालेला एखादा चहाचा पेला आज त्याच पेठेत जुन्या काळची वस्तू म्हणून अधिकृतपणे मांडता येईल. वीस वर्षांत वस्तू जुन्या होतात, तसे शब्दही झिजतात. ज्या शब्दावर या पेठेची उभारणी झाली तो ‘हस्तनिर्मित’ हा शब्द या काळात किती झिजला, कोणी झिजवला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार हातच्या कसबावर पोट भरणाऱ्यांची संख्या फार मोठी असलेल्या आपल्या देशात तरी अगत्याने व्हावयास हवा.

रॉब केलिन हा सुतारकामाची आवड असलेला तरुण आणि त्याचे काही सहकारी यांनी ही पेठ काढली तेव्हा इंटरनेटवर बाजार नव्हता असे नाही. ‘ईबे’चा लिलाव १९९५ पासून चालू होता. पण तेथे कारखान्यातला माल, घरातली अडगळ आणि एखाद्या कुंभाराने मन लावून घडवलेले भांडे, सारे एकाच ढिगात पडत असे. एट्सीने दारातच निवड केली. विक्रेत्याने स्वतः बनवलेल्या वस्तू, वीस वर्षांहून जुन्या वस्तू आणि हस्तकलेला लागणारे साहित्य एवढाच माल आत येईल, असे तिने जाहीर केले. वस्तू मांडण्यासाठी काही सेंट आणि ती विकली गेली तर साडेतीन टक्के दलाली, एवढीच तिची मागणी होती. कलावस्तूंची दुकाने विक्रीच्या रकमेचा निम्मा भाग सहज ठेवून घेत असताना हा दर म्हणजे जवळजवळ परोपकार वाटावा असाच होता. परिणामी, लहान गावात घरी बसून लोकरीचे मोजे विणणाऱ्या बाईला हजार मैलांवरचे गिऱ्हाईक मिळू लागले. येथील विक्रेत्यांत स्त्रियांचे प्रमाण प्रथमपासूनच फार मोठे आहे आणि बहुतेक दुकाने एकेकट्या व्यक्तीची, घरातूनच चालणारी आहेत. या पेठेवर पुढे जी टीका करणे भाग आहे ती करताना हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

अडचण यशातूनच निर्माण झाली. हाताला मर्यादा असते, मागणीला नसते. आठवड्याला दहा शाली विणणारीकडे शंभर शालींची मागणी आली म्हणजे तिने काय करावे? मदतनीस ठेवावेत की गिऱ्हाईक परत पाठवावे? हा प्रश्न खरा होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर सोपे नव्हते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने ते आपल्या पद्धतीने दिले. विक्रेत्याला माणसे ठेवता येतील, इतकेच नव्हे तर मंजुरी घेऊन बाहेरच्या उत्पादकाकडून माल बनवूनही घेता येईल, असे ठरले. हस्तनिर्मितीची कसोटी यापुढे कर्तृत्व, जबाबदारी आणि पारदर्शकता ही राहील, असे सांगण्यात आले. तिन्ही शब्द निर्दोष आहेत. फक्त त्यांत ‘हात’ कोठे आहे, हा प्रश्न जुन्या विक्रेत्यांना पडला. शालीचा आराखडा जिचा, तिची शाल, असे एकदा मान्य केले की यंत्रमाग कोणाचा आणि तो कोणत्या देशात चालतो हे गौण ठरते. त्यानंतर एकाच साच्यातली अंगठी निरनिराळ्या दुकानांत निरनिराळ्या ‘कारागिरां’च्या नावाने दिसू लागल्याच्या तक्रारी वाढत गेल्या. हाताने काम करणाऱ्याला शेजारच्या दुकानातील यंत्राच्या भावाशी स्पर्धा करावी लागली, आणि तीही ‘हस्तनिर्मित’ या एकाच पाटीखाली.

एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने आपले शेअर बाजारात आणले. सोळा डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी तीस डॉलरच्या घरात गेला. सामाजिक बांधिलकी मानणाऱ्या उद्योगांना मिळणारे ‘बी कॉर्प’ हे प्रमाणपत्र कंपनीकडे २०१२ पासून होते आणि त्याचा तिला अभिमानही होता. पण ते टिकवायचे तर कंपनीची कायदेशीर घडणच बदलून समाजहिताला नफ्याच्या बरोबरीचे स्थान देणे आवश्यक होते. ते न करता २०१७ मध्ये प्रमाणपत्रच सोडण्यात आले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात भागधारकांच्या दडपणाखाली मुख्य कार्यकारी अधिकारी बदलला आणि दोन हप्त्यांत सुमारे २२ टक्के नोकर कमी करण्यात आले. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. शेअर विकत घेणारा माणूस मोज्यांच्या विणीकडे पाहत नाही, दर तीन महिन्यांच्या आकड्यांकडे पाहतो. आणि पेठेचा मालक अखेर त्याला उत्तरदायी असतो.

पुढील घटनांचा क्रम त्यामुळे अपेक्षितच होता. जुलै २०१८ मध्ये दलाली साडेतीनवरून पाच टक्क्यांवर गेली आणि ती टपालखर्चाच्या रकमेवरही आकारली जाऊ लागली. २०१९ मध्ये अमेरिकेत ३५ डॉलरच्या वरच्या खरेदीवर टपालखर्च न लावणाऱ्या दुकानांना शोधयादीत वरचे स्थान देण्याचे ठरले. म्हणजे सवलत गिऱ्हाइकाला, खर्च विक्रेत्याचा आणि पुण्य पेठेचे. २०२० पासून बाहेरच्या संकेतस्थळांवर कंपनी जी जाहिरात करते तिच्यामुळे विक्री झाल्यास १२ ते १५ टक्के वेगळे कापले जातात. वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक विक्री झालेल्या दुकानाला या जाहिरातीतून बाहेर पडण्याची मुभा नाही. एप्रिल २०२२ मध्ये दलाली साडेसहा टक्के झाली. या दरांनी हिशेब केला तर अमेरिकेतील लहान विक्रेत्याने शंभर डॉलरची वस्तू जाहिरातीमार्फत विकल्यास साडेसहा डॉलर दलाली, सव्वातीन डॉलर पैसे वसुलीचा खर्च, वीस सेंट वस्तू मांडण्याचे आणि पंधरा डॉलर जाहिरातीचे, असे जवळजवळ पंचवीस डॉलर पेठेला जातात. कच्चा माल आणि स्वतःचे श्रम यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. शेतमालाच्या बाजारातील अडतीविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर लेख वाचले आहेत त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. जुना मध्यस्थ गेला खरा, पण त्याची गादी रिकामी राहिली नाही.

दलाली वाढली त्या एप्रिलमध्येच, ११ ते १८ तारखांच्या दरम्यान, हजारो विक्रेत्यांनी आपली दुकाने बंद ठेवली. घरोघरी एकेकट्याने काम करणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचा हा संप कामगार चळवळीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. दर मात्र साडेसहा टक्केच राहिला. कारखान्यातील संपात यंत्र थांबते. येथे एका दुकानाचे दार लागले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि मालकाचा गल्ला वाजतच राहतो.

याच पेठेने संकटकाळात काय करून दाखवले तेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कापडी मुखपट्ट्यांचा तुटवडा पडला तेव्हा मोठ्या कारखान्यांना जे तातडीने जमले नाही ते शिवणयंत्रावर बसलेल्या या विक्रेत्यांनी केले. त्या तिमाहीत ३४ कोटी ६० लाख डॉलरच्या मुखपट्ट्या या एका संकेतस्थळावर विकल्या गेल्या. विखुरलेल्या हातांना एकत्र आणणारे साधन म्हणून या तंत्राची शक्ती वादातीत आहे. वाद आहे तो त्या शक्तीची सूत्रे कोणाच्या हाती असावीत याचा.

शब्दांची घसरणही थांबलेली नाही. जुलै २०२४ मध्ये कंपनीने मालाची नवी प्रतवारी केली. बनवलेला, आराखडा केलेला, पुरवलेला आणि निवडलेला, अशा चार पाट्या आता लावल्या जातात. यांपैकी आराखड्याच्या वर्गात, तसे जाहीर केल्यास, कृत्रिम बुद्धिमत्तेला सूचना देऊन काढून घेतलेले चित्रही बसते. पाट्या स्पष्ट केल्या हे ठीकच झाले. पण व्याख्या पुन्हा एकदा बदलली ती मालकाच्या एका घोषणेने. तिच्यावर मतदान झाले नाही आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही नव्हती.

आपल्याकडे या बाबतीत निराळी वाट चोखाळली गेली आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने यंत्रमागाखेरीज कोणताही माग म्हणजे हातमाग, अशी व्याख्या करून काही प्रकारचे कापड त्यासाठी राखून ठेवले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. या व्याख्या कायद्याने केलेल्या आहेत आणि त्या बदलायच्या तर रीतसर, उघड मार्गानेच बदलाव्या लागतात. अर्थात, व्याख्या झाली म्हणजे रक्षण झाले असे नव्हे. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून विकली जाते हे पैठणी घेणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या, तेव्हा निर्देशांकाचा कागद आडवा आला नाही. आडवा आला तो लोकांचा ओरडा. पण त्या ओरड्याला टेकण्यासाठी तो कागद होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करण्याची पाळी त्या कंपनीवर आली.

जुन्या वस्तूंच्या बाबतीतही देशांची मोजपट्टी भिन्न आहे. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचे, पुरावशेष ठरते व खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. मुंबईच्या चोर बाजारात घेतलेली पितळी समई ब्रुकलिनच्या पेठेत मांडणाऱ्याने तिचे वय फुगवून सांगितले तर तो आपल्याच कायद्याच्या कचाट्यात सापडतो, आणि कमी सांगितले तर भाव पडतो. तिचे खरे वय मात्र छायाचित्रावरून कोणालाच कळत नाही.

जयपूरचे ठशांचे कापड किंवा मुरादाबादचे पितळ या पेठेत विकणाऱ्या भारतीयांना दुसरा धडा ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाला. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली जकातमाफी त्या महिन्याच्या २९ तारखेपासून उठली. नव्या वसुलीची व्यवस्था स्पष्ट नसल्याने भारतीय टपालखात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणेच २५ तारखेपासून थांबवले, ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. दुकान जगभर दिसत होते. माल मात्र गावच्या टपालकचेरीच्या पुढे जात नव्हता.

तेव्हा उपाय कोणता? गिऱ्हाइकाने चोखंदळ व्हावे, हा उपदेश सोपा आहे, पण पडद्यावरच्या चित्राला हात लावून पाहता येत नाही. युरोपीय संघाने याहून शहाणपणाचा मार्ग घेतला. तेथे जुलै २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार अशा संकेतस्थळाला विक्रेत्यांच्या अटी बदलण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, दुकान बंद केल्यास कारण सांगावे लागते आणि शोधयादीतील क्रम कशावरून ठरतो ते जाहीर करावे लागते. भारताचे २०२० चे ई-कॉमर्स नियम क्रमवारीविषयी खुलासा मागतात, पण ते ग्राहक संरक्षण कायद्याखालचे असल्याने ग्राहकासाठी आहेत. पेठेच्या मालकापुढे उभा असलेला लहान विक्रेता कोणाच्या संरक्षणाखाली येतो, हे त्यांत शोधून सापडत नाही.

अमेरिकेतील संपातून निघालेल्या काही विक्रेत्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘आर्टिझन्स कोऑपरेटिव्ह’ ही सभासदांच्या मालकीची पेठ सुरू केली. महाराष्ट्राला ही कल्पना नवी वाटू नये. पण प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभारला तेव्हा ऊस जवळ होता, सभासद एका पंचक्रोशीतले होते आणि शासनाचे भांडवल पाठीशी होते. ब्रुकलिनच्या पेठेकडे नऊ कोटींच्या आसपास गिऱ्हाइके आहेत. विखुरलेल्या कारागिरांची नवी संस्था ती एकदम कोठून आणणार? गिऱ्हाईक ही या धंद्यातील खरी जमीन आहे आणि ती आधीच एकाच्या नावावर चढलेली आहे. म्हणून नवी पेठ मोठी होईपर्यंत जुन्या पेठेत एकत्रितपणे वाटाघाटी करणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. ज्या महामंडळांनी इटलीच्या कंपनीला कराराच्या टेबलाशी बसवले, त्यांना हजारो कारागिरांच्या वतीने एखाद्या संकेतस्थळाकडे दलालीच्या कमाल दराची आणि ‘हस्तनिर्मित’ या शब्दाच्या व्याख्येची लेखी हमी मागता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.