घरचा पहारेकरी

चोराची चाहूल लागताच त्याच्या रोखाने मान वळविणारा कॅमेरा आता घरीही करता येतो. २०१२ साली निघालेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, एक कॅमेरा व त्यास फिरविणारी सर्व्हो मोटर एवढे साहित्य पुरे. संगणक लागोपाठच्या चित्रांची तुलना करतो आणि जेथे फरक आढळेल तिकडे मोटर वळवितो.

मेख येथेच आहे. कॅमेरा वळला की सारेच चित्र बदलते आणि भिंतही चोर ठरते! म्हणून मोटर स्थिर होईपर्यंत तुलना थांबवावी. पडदा हलला, मांजर गेले, असे किरकोळ फरक वगळावेत. मात्र फार वगळल्यास रांगत आलेला चोरही सुटेल. शेजाऱ्यांचे दार दृष्टीच्या टप्प्यात येणार नाही, इतकीच मोटरीस फिरण्याची मुभा द्यावी.