दोन टर्म, एक आडनाव

निवडणूक जवळ आली की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक विषय हमखास निघतो. "खासदारांना दोन टर्मची लिमिट पाहिजे राव, अमेरिकेत आहे ना!" मग कोणीतरी मोबाईल काढून सांगतो की अमेरिकेत ती राष्ट्राध्यक्षाला आहे, १९५१ पासून. त्यांच्या खासदारांना नाही. काही राज्यांनी लावून बघितली होती, पण तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती उडवून लावली. तेवढ्यात चहा संपतो आणि सगळे आपापल्या डेस्ककडे वळतात.

मागणीमागचा वैताग मला कळतो. तेच चेहरे, तेच फ्लेक्स, दर पाच वर्षांनी फोटोतले केस तेवढे जास्त काळे. पण माझं गाव कराडजवळ आणि आजोळ तासगावकडचं, त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचं राजकारण घरी जेवताना ऐकतच मोठा झालोय. आणि माझं स्पष्ट मत आहे की ही लिमिट आमच्याकडे लागली तर नेमकी चुकीच्या माणसांना लागेल.

आधी सांगली घ्या. १९८० मध्ये वसंतदादा पाटील लोकसभेवर गेले. १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा पोटनिवडणुकीत शालिनीताई आल्या. १९८४, ८९, ९१ प्रकाशबापू. १९९६, ९८ त्याच घराण्यातले मदन पाटील. १९९९, २००४ पुन्हा प्रकाशबापू. त्यांच्या निधनानंतर २००६ मध्ये मुलगा प्रतीक, २००९ मध्येही प्रतीक. २०१४ मध्ये संजयकाका पाटलांनी भाजपतर्फे ही जागा घेतली, तोपर्यंत ३४ वर्षं एकच घर.

आता यात दोन टर्मची लिमिट टाकून बघा. सार्वत्रिक निवडणुका झाल्या नऊ. घरातली माणसं पाच. पाच गुणिले दोन, दहा. म्हणजे एक टर्म शिल्लकच राहते की! संपूर्ण यादीत दोनपेक्षा जास्त वेळा निवडून आलेले एकटे प्रकाशबापू. त्यांना थांबवलं असतं तर घरातलं दुसरं कोणी उभं राहिलं असतं, बास. आमच्या भाषेत सांगायचं तर लिमिट युझरवर लावली आणि लायसन्स मात्र फॅमिली पॅक आहे. (या घराण्याशी माझं काही वाकडं नाही. आमच्या आजोबांपुढे दादांबद्दल कोणी वाईट बोललं तर अजून ताटावरून उठतात.)

मग लिमिट लागली असती कोणाला? यशवंतराव चव्हाणांना. देवराष्ट्रेसारख्या गावातलं गरीब शेतकरी घर, मागे राजकारणातलं कोणी नाही, पुढे वारस नाही. १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर, १९६७ मध्ये साताऱ्यातून. झाल्या की दोन टर्म! १९७१ नंतर त्यांनी लोकसभेत राहून जे केलं, म्हणजे अर्थमंत्रीपदाची पुढची वर्षं, परराष्ट्र खातं, १९७७ मधलं विरोधी पक्षनेतेपद, १९७९ मधलं उपपंतप्रधानपद, ते सगळं वजा. राज्यसभेचं मागचं दार उघडं राहिलं असतं म्हणा, पण मग लिमिट कशाला?

दुसरं नाव आर. आर. आबा. ते विधानसभेतले, पण हिशोब तोच. अंजनीसारख्या गावातून, जिल्हा परिषदेतून वर आलेला माणूस. १९९० मध्ये पहिल्यांदा आमदार, १९९५ मध्ये दुसऱ्यांदा. ग्रामविकास खातं मिळालं ते १९९९ मध्ये, तिसऱ्या टर्मला. त्यानंतर संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. दोन टर्मचा नियम असता तर आबा त्याआधीच घरी. ज्याच्यामागे घराणं नाही त्याची पहिली दहा वर्षं नुसती ओळख आणि विश्वास कमावण्यात जातात हो! कारखानदाराच्या मुलाला ते सगळं पहिल्या दिवशी तयार मिळतं. (आता खरं सांगायचं तर आबांच्या पश्चात तासगावची जागा सुमनताईंकडे आणि २०२४ मध्ये रोहितकडे गेली. हे आमच्या मातीतच आहे बहुतेक.)

यावर मित्र म्हणतात, अरे पण खुर्ची रिकामी झाली तर नवीन पोरं येतील ना? फिलिपाईन्समध्ये हा प्रयोग झालाय. १९८७ च्या राज्यघटनेने खासदारांना सलग तीन टर्मची लिमिट घातली, तीन-तीन वर्षांच्या. नऊ वर्षं संपली की बायको, मुलगा नाहीतर भाऊ उभा राहतो, आणि पुढच्या वेळी साहेब परत. एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण फिरतं, म्हणजे बसलेल्या सरपंचाला सक्तीने उठवणारा नियमच. काही गावांत त्यातून खरोखर चांगल्या बाया पुढे आल्या, ते नाकारायचं नाही. पण "सरपंचपती" हा शब्दही त्यातूनच आला. सही वहिनींची, मीटिंगला दादा.

मग करायचं काय? माझ्या मते खुर्ची जिथून तयार होते तिथे लिमिट लावा. आमच्याकडे खासदारकीचा रस्ता कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था असा जातो. ऊसतोडीची टोळी कोणाच्या फडात आधी जाणार, पीककर्ज कोणाचं लवकर होणार, पोराला संस्थेत चिकटवणार कोण, हे ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध पॅनल टाकायला माणूस दहा वेळा विचार करतो. कायदा असं कुठेच म्हणत नाही, पण फडात उभा वाळणारा ऊस बघितला की समजतं. गंमत म्हणजे इथे एक लिमिट आधीच आलीये. २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकेच्या संचालकाला सलग ८ वर्षांची मर्यादा लागू झाली, ती ऑगस्ट २०२५ पासून १० वर्षं झाली. म्हणजे जिल्ह्यातल्या बँकेच्या संचालकाला मर्यादा आहे, देशाचे कायदे करणाऱ्याला नाही. आणि बँकेतही चेअरमनला यातून सूट! ही सूट काढा, आणि तसाच कडक नियम कारखान्यांना लावा. तोही घराला धरून, म्हणजे नवऱ्याची टर्म संपली की लगेच बायको नाही, बापानंतर लगेच पोरगा नाही.

हे काही मी स्वप्नात बघितलेलं नाही. मेक्सिकोने २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून २०३० पासून खासदारांची लागोपाठची फेरनिवड तर बंद केलीच, शिवाय बसलेल्या माणसाच्या जागी त्याचाच जवळचा नातेवाईक लगेच येणंही बंद केलं. संसदेसाठी काही आणायचंच असेल तर निदान असं आणा. (आपले खासदार स्वतःविरुद्ध घटनादुरुस्ती करतील का, हा वेगळा विनोद.)

बाकी मतदाराला दोरी ओढता येत नाही असं समजू नका. साताऱ्यात एप्रिल-मे २०१९ मध्ये उदयनराजे निवडून आले, पक्ष बदलून ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले तर श्रीनिवास पाटलांकडून सुमारे ८७ हजारांनी पडले, आणि २०२४ मध्ये त्याच लोकांनी त्यांना परत पाठवलं. तिकडे सांगलीत २०२४ मध्ये आघाडीने जागा दुसऱ्याला दिली, तर वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि दोन टर्म झालेल्या संजयकाकांना लाखभर मतांनी पाडलं. मेक्सिकोच्या नियमातही ते बसले असते, मध्ये दहा वर्षं गेली होती ना. त्या निकालावर माझी काहीच तक्रार नाही. आजोबांनी तर पेढे वाटले.