मोठी गाडी म्हणजे चांगली गाडी नव्हे



‘खऱ्या शौकिनाने एसयूव्हीच घ्यावी, इंदूरला होळकरांपासून मोठ्या गाड्यांची परंपरा आहे’ हे आपल्या एका वाचकाचे पत्रातले म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात मागवलेली ड्यूसेनबर्ग एसजे लांबलचक होती खरी. पण ती सुपरचार्जर लावलेल्या ६.९ लिटर इंजिनाची, दोनच माणसांची, बसकी गाडी होती. मोकळ्या रस्त्यावर वेगात धावणे एवढेच तिचे काम, आणि त्यासाठीच ती घडवली होती. शौक म्हणतात तो हा. पण इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत काम असते वळण्याचे. तिथे अल्टोसारखी छोटी गाडी सहज फिरते. एसयूव्हीच्या उंच बॉनेटमागे बसलेल्याला मात्र अगदी पुढ्यात आलेले लहान पोर दिसत नाही.

उंच, वजनदार गाडी सुरक्षित, असे कोणी म्हणेल. आत बसलेल्यांना वजनाचा आधार मिळतो, हे मान्य. पण गुरुत्वमध्य वर असल्याने सिमरोलपुढच्या भेरू घाटातल्या वळणांवर तीच जास्त कलते, आणि पादचाऱ्याला धडक बसलीच तर तिचे उंच नाक थेट छातीवर आदळते. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याने रोज शेतावर जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी. विजयनगर ते पलासिया एकट्याने जाणाऱ्याला तिची गरज काय, हे पत्रलेखकांनी सांगावे.

— एक वाचक, रामबाग, इंदूर