ओंडक्यांचा ट्रक आणि समझोत्याचा कागद



आलापल्ली-बल्लारशाकडे सागाचे ओंडके भरलेले ट्रक आपल्या गँगमन, पोस्टमन बांधवांच्या शेजारून जातात. साखळी तुटून ओंडका घरंगळला की माणूस गेलाच. मग दहाव्याच्या आतच ट्रकमालकाचा माणूस थोडी रोकड आणि समझोत्याचा कागद घेऊन दारात येतो. त्यावर सही करू नये.

"खात्याकडून पेन्शन, फंड मिळाला, आता आणखी काय मागायचे?" असे घरचेच म्हणतात, याचे आम्हाला जास्त वाईट वाटते. पेन्शन, फंड, आयुर्विम्याचे पैसे ही मयताची स्वतःची कमाई. ती अपघाताच्या भरपाईतून वजा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितले. अनुकंपा नोकरीबद्दल २०१३ चा निकालही तसाच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कोणाची चूक हे शाबीत न करता मृत्यूला ५ लाख मिळतात. पण पगारदाराच्या वारसांनी कलम १६६ चाच दावा लावावा, असे आमचे मत आहे. त्यात चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, म्हणून एफआयआर व पंचनाम्याच्या नकला आधी घ्याव्यात. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची झाली. हा विधवेवर अन्यायच आहे. तो दूर होईपर्यंत शाखा सचिवांनी पहिल्या आठवड्यातच त्या घरी जावे.