कॉम्प्युटरच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

पूर्वी किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे यावरून घरातली कर्ती बाई ओळखली जायची. आता धान्याच्या कोठीला कुलूप नसते, कॉम्प्युटरला मात्र असते. त्याची किल्ली बहुतेक घरांत यजमानांकडे, नाहीतर चिरंजीवांकडे. आपण त्यावर लाइटबिल भरतो, मुलांचे फॉर्म भरतो, पण यंत्राच्या लेखी आपण पाहुण्याच! घरमालकाला तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. हा मालक परगावी गेला किंवा आपला पासवर्ड विसरला, की सगळे घर खोळंबते.

एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि कॉम्प्युटर त्याच्या नावाने उघडायचा. आता पासवर्ड त्यालाच आठवत नाही. आत बाईंच्या शिकवणीचे आठ वर्षांचे हिशेब आहेत, आणि सासूबाई जाण्यापूर्वी त्यांच्या आवाजात उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दुकानातला मुलगा म्हणतो, “काकू, फॉरमॅट मारावा लागेल.” त्या विचारतात, हो म्हणू का?

मुळीच म्हणू नका. निदान आज तरी नाही. फॉरमॅट म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून साड्यांसकट कपाट भंगारात देण्यासारखे आहे. दुकानदाराला ते सोपे पडते, तासाभरात काम संपते. गेलेल्या ओव्या त्याच्या नव्हेत.

आधी कुलूप कोणत्या जातीचे आहे ते पाहा. घरगुती कॉम्प्युटर बहुधा विंडोजवर चालतो आणि त्यात दोन तऱ्हेची खाती असतात. एक मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे ई-मेलला बांधलेले. दुसरे त्या यंत्रापुरतेच, त्याला ‘लोकल’ म्हणतात. मुलाला फोन करून विचारा, की कॉम्प्युटर सुरू केलास तेव्हा ई-मेलचा पत्ता घातला होतास का? एवढ्या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

हो म्हणाला, तर देवच पावला. मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड जगाच्या पाठीवर कुठूनही बदलता येतो. मुलाने आपल्या फोनवरून त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन ‘पासवर्ड विसरलो’ म्हणायचे, नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर येणारा आकडा घालायचा आणि नवा पासवर्ड ठरवायचा. इकडे तुम्ही कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून तो टाइप करायचा. यंत्र चारआकडी पिन मागत असेल, तर खाली ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये पासवर्डचा पर्याय दिसतो. इथे एकच अडचण येते. खात्यात मुलाचा जुना, इथला मोबाइल नंबर असतो आणि तो गेल्यावर आपण काटकसर म्हणून त्याचे सिम बंद पडू देतो. परगावी गेलेल्या माणसाचे सिम त्याची सगळी खाती नव्या नंबरवर गेल्याखेरीज बंद करू नये. महिन्याचे थोडे पैसे गेले तरी चालतील.

खाते लोकल असेल, तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड घाला. खाली ‘रिसेट पासवर्ड’ असे शब्द उमटतात. २०१८ पासून विंडोज १० मध्ये असे खाते उघडताना तीन प्रश्न विचारून ठेवण्याची सोय आली, जसे पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव, जन्मगाव वगैरे. उत्तरे मुलालाच ठाऊक, पण ती फोनवर विचारता येतात. (आमच्या मोत्याचे नाव इंग्रजीत कसे लिहिले होते, तेवढे मात्र नीट विचारून घ्या!)

हेही जमले नाही, तरी सामान बाहेर काढायचा मार्ग राहतो. दुकानदाराला स्पष्ट सांगा, “विंडोज नंतर बघू, आधी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि माझ्या फाइली उतरवून द्या.” किंवा उबंटूसारखी फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून यंत्र चालू करता येते. विंडोजला हात न लावता आतली डिस्क उघडते आणि फोटो, हिशेब, आवाज सारे कॉपी करता येते. हे काम समोर बसून करून घ्या. आपले घरगुती फोटो परक्याच्या दुकानात रात्रभर ठेवू नयेत असे माझे मत आहे, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

आता गोम ऐका. हल्लीच्या नव्या यंत्रांत डिस्कलाच आणखी एक कुलूप असते, त्याचे नाव बिटलॉकर. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने यंत्र सुरू केले, तर ते पुष्कळदा आपोआप लागते, आपल्याला पत्ताही नसतो. मग डिस्क बाहेर काढली तरी ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा ज्याने यंत्र पहिल्यांदा सुरू केले त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मुलाला खात्यात जाऊन ‘डिव्हाइसेस’खाली पाहायला सांगा. ती नसेल तर दुकानदार काय, खुद्द कंपनीही काही करू शकत नाही. “मी काढून देतो” म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा. इंटरनेटवरची ‘पासवर्ड तोडणारी’ फुकट साधने आणि फोनवरून तुमच्या पडद्याचा ताबा मागणारे मदतनीस यांच्यापासूनही दूर राहा. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करता येते.

दुसऱ्या काही भगिनींचे दुखणे निराळे आहे. कॉम्प्युटर उघडतो, पण प्रिंटर बसवायला गेले की यंत्र ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. यजमान परगावी असतील तर फोनवर विचारून तुम्हीच टाइप करा, माणूस बोलवायची गरज नाही. पण कधी कधी हौशी मुले सेटिंग्जमध्ये खटपट करताना एकुलत्या एका मालकालाच पाहुणा करून टाकतात. मग पडद्यावर ‘यस’चे बटनच फिके पडते, दाबले जात नाही. अशा वेळी आपल्या खात्यातल्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्या, तेवढा हक्क पाहुण्यालाही असतो. मग शिफ्टचे बटन दाबून ‘रीस्टार्ट’ करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जात ‘सेफ मोड’ निवडा. तिथे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाचे झाकून ठेवलेले खाते दिसले, तर त्यातून आपले खाते पुन्हा मालकाचे करता येते. मात्र या वाटेवर बिटलॉकरची किल्ली मागितली जाऊ शकते, म्हणून ती हाताशी नसेल तर वाटेला जाऊ नका.

लोकल खात्याचा पासवर्ड कोणी जबरदस्तीने पुसून दिला, तर फोटो-हिशेब राहतात, पण ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे, ई-मेलचे पासवर्ड उघडेनासे होऊ शकतात. आधी ते वहीत उतरलेले असले तर बरे.

ज्यांचे यंत्र आज सुरळीत चालू आहे त्यांनी या रविवारी, सगळे घरी असताना, एक काम उरकावे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात ‘युअर इन्फो’ उघडा. तुमच्या नावाखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहिलेले नसेल, तर यजमानांच्या खात्यातून ‘अदर युजर्स’मध्ये जाऊन तुमचे खाते तसे करून घ्या. घरात दोन मालक असावेत, तिसरा नको. रोजच्या वापराला साधे खाते आणि मालकीचे वेगळे ठेवलेत तर उत्तमच. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. मॉनिटरला चिकटवू नका, आणि वाणसामानाच्या वहीतही नको, ती वही कोणाच्याही हाती लागते. घरचे म्हणतील, “तुला कशाला हवंय ते?” त्यांना म्हणा, घराचे दार उघडायला कोणाला विचारावे लागत नाही, तसेच हे. चहा टाकून समोर बसवा आणि तेवढ्यात करून घ्या, फार तर दहा मिनिटांचे काम आहे.