फोटोतला मनोरा कापू नका

जुन्या मुंबईचा फोटो हातात आला की आपण आधी माणसं बघतो, मग ट्राम, मग व्हिक्टोरिया घोडागाडी. माझी विनंती आहे, एकदा नजर वर न्या. कौलांच्याही वर आकाशात चढलेलं एखादं निमुळतं टोक दिसेल. बहुधा तो चर्चचा मनोरा असतो.

कुलाब्याचं अफगाण चर्च घ्या. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधलं. १८५८ मध्ये तिथे उपासना सुरू झाली, पण मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडलं. उंची १९८ फूट. बंदराकडे येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसे. चर्च आहे पण मनोरा नाही, असा फोटो मिळाला तर तो १८६५ च्या आधीचा, हे मागे काही लिहिलेलं नसलं तरी कळतं.

तारीख सांगणं हे मनोऱ्याचं लहान काम. देवळात जाणं झालं नाही तर आपण वाटेवरूनच कळसाला हात जोडतो. पंढरीचा कळस दिसला की थकलेला वारकरीही झपझप चालू लागतो. मनोराही तेच करतो. जो आत येऊ शकत नाही, त्याची नजर तो दुरूनच वर नेतो. अफगाण चर्चमागची ती युद्धं साम्राज्याच्या हव्यासाची होती, हे मी विसरत नाही. तरी त्या चर्चच्या आतल्या भिंतींवरची नावं कुणाच्या तरी मुलांची आहेत. साहेबाचं बांधकाम म्हणून त्यावरून नजर फिरवू नका. वांद्र्याच्या माउंट मेरीला तर आपले कोळी मोत मावली म्हणतात, आणि सप्टेंबरच्या जत्रेत सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन चर्चची टेकडी चढतात.

म्हणून घरातले फोटो बाहेर काढा. स्कॅन करताना चेहरे मोठे दिसावेत म्हणून वरचं आकाश कापू नका. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने जागा आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे उमटतात. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग जात नाही. आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर मनोऱ्यावर बोट ठेवून विचारा, हे कुठलं चर्च, आणि तिथून आपलं घर कोणत्या अंगाला होतं? या रविवारीच विचारा.